नॉर्स देवांची भाऊबंदकी कादंबरीत कशी आणावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मराठीत फँटसी कादंबरी लिहिताय. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या पुराणकथांतल्या एसिर आणि वानिर या दोन देवकुळांचं जुनं युद्ध पुन्हा पेटतं. एका बाजूला ओडिन, दुसऱ्या बाजूला फ्रेया, आणि मधे सापडलेली आइसलँडची एक मुलगी, जिची आजी भविष्य सांगते. बरीच पानं लिहून झाल्यावर तुमच्या लक्षात आलं की देव नुसते एकमेकांवर विजा फेकताहेत आणि कुठल्याही सुपरहिरो सिनेमात खपून जातील असे झालेत. मूळ कथांमध्ये देवांचं वैर कसं असतं आणि ते कादंबरीत कसं उतरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी फँटसीची हस्तलिखितं संपादित करतो आणि नॉर्स देवांवरची जी माझ्यापर्यंत येतात त्यातल्या बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडते. म्हणून सरळ सांगतो: युद्ध काढून टाका. निदान मुख्य कथानकातून तरी. नॉर्स देवांचं वैर दोन छावण्यांचं नाही, ती भाऊबंदकी आहे. कोणी कोणाला काय कबूल केलं, कोणाच्या बापाच्या खुनाची भरपाई राहिली, कोण ओलीस म्हणून आला आणि घरचाच होऊन बसला, अशा गोष्टींवर ते चालतं. हातोडा आणि भाला येतात ते हिशेब फिसकटल्यावर.

ज्या युद्धावर तुमचा आराखडा उभा आहे, ते मूळ साधनांमध्ये किती आहे ते पाहा. ‘व्होलुस्पा’ या कवितेत जेमतेम चार कडवी. गुलवेग नावाच्या बाईला ओडिनच्या दालनात भाल्यांनी भोसकतात, तीनदा जाळतात, आणि ती तिन्ही वेळा जिवंत राहते. मग ओडिन समोरच्या फौजेवर भाला भिरकावतो, एसिरांच्या गडाची तटबंदी मोडते, जगातलं पहिलं युद्ध सुरू होतं. झालं. लढाईचं वर्णन नाही, कोणी पराक्रम गाजवल्याचा उल्लेख नाही. कवीला त्यात रसच नव्हता.

रस आहे तो तहात. ‘इंग्लिंगा सागा’त (सागा म्हणजे जुन्या आइसलँडची गद्य कथा) दोन्ही बाजू थकतात आणि ओलिसांची अदलाबदल करतात. वानिर आपले सर्वांत मोठे दोघे देतात, न्योर्ड आणि त्याचा मुलगा फ्रेयर. एसिर देतात हेनिर आणि मीमिर. हेनिर दिसायला राजबिंडा, म्हणून वानिर त्याला लगेच सरदार करतात. पण सभेत मीमिर शेजारी नसला की तो प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर देतो: इतरांनी ठरवावं. आपल्या गळ्यात नुसता पुतळा मारला हे वानिरांना उमगतं आणि ते मीमिरचं डोकं कापून एसिरांकडे परत पाठवतात. ओडिन त्या डोक्याला वनौषधी चोळतो, मंत्र म्हणतो, आणि पुढे ते डोकं त्याच्याशी बोलायला लागतं.

इथे जरा थांबा. फसवलं हेनिरने, शिर गेलं मीमिरचं, आणि फायदा झाला ओडिनचा, कारण जगातला सर्वांत शहाणा सल्लागार आता कायमचा त्याच्या ताब्यात. तरीही तह मोडत नाही. कोणीही पुन्हा शस्त्र उचलत नाही. कादंबरीचं पहिलं प्रकरण याच्याहून चांगलं काय असणार?

स्नोरी या आइसलँडच्या लेखकाच्या ‘एडा’ या पुस्तकात तहाची दुसरी हकीकत आहे, ती आणखी विचित्र. दोन्ही बाजूचे देव एका भांड्यात थुंकतात आणि त्या थुंकीतून क्वासिर नावाचा माणूस घडवतात. त्याला उत्तर देता येणार नाही असा प्रश्नच नाही. दोन बुटके त्याला मारतात, रक्तात मध मिसळून मद्य करतात, आणि देवांना निरोप देतात की बिचारा स्वतःच्या शहाणपणातच गुदमरला. ते मद्य जो पितो तो कवी किंवा पंडित होतो. पुढे हेच बुटके एका राक्षस जोडप्याला मारतात आणि त्या जोडप्याचा मुलगा सुटुंग भरपाई म्हणून मद्य घेतो. ओडिन सुटुंगच्या मुलीला, गुनलोडला, फूस लावून तीन रात्रींत तीन घोटांत ते संपवतो आणि गरुड होऊन पळतो. म्हणजे दोन देवकुळांच्या समेटाचं जे जिवंत चिन्ह होतं, त्याचा खून झाला, ते भरपाईत गेलं आणि शेवटी चोरीला गेलं. या साखळीत एकही मोठी लढाई नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर युद्ध पुन्हा पेटवायच्या भानगडीत पडलो नसतो. मी ओलिसांकडे पाहिलं असतं. न्योर्ड, फ्रेयर आणि न्योर्डची मुलगी फ्रेया हे एसिरांत मानाने राहतात, यज्ञाचे पुरोहित होतात, त्यांची लग्नं होतात. पण ‘लोकासेन्ना’ या कवितेत लोकी भर मेजवानीत न्योर्डला तो ओलीस म्हणून आला होता हे सुनावतोच. आणि ‘वाफथ्रुडनिस्माल’ या कवितेत एक ओळ आहे जी फारसं कोणी वापरत नाही: जगाच्या अखेरीस न्योर्ड आपल्या वानिरांकडे परत जाईल. सगळे देव लांडग्याशी आणि सर्पाशी झुंजायला निघालेत आणि हा माणूस घरी निघालाय! का? ओलिसाची मुदत संपली म्हणून? ज्यांच्यात आयुष्य काढलं त्यांच्यासाठी मरायची तयारी नाही म्हणून? या एका ओळीवर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

फ्रेयाचंही तसंच. ‘ग्रिम्निस्माल’ ही कविता सांगते की रणात पडलेल्यांपैकी रोज अर्धे ती निवडते आणि अर्धे ओडिनला मिळतात. ओडिनचं वीरांचं दालन वालहल्ला सगळ्यांना माहीत असतं, फ्रेयाचं फोल्कवांग कोणालाच नसतं. ओडिनला शेवटच्या लढाईसाठी फौज हवी आहे, मग तो तिला अर्धा वाटा का देतो? सेड ही जादू एसिरांना तिने शिकवली असं ‘इंग्लिंगा सागा’ म्हणते. ती गुरुदक्षिणा आहे का? की तहातलं एखादं कलम? साधनांमध्ये उत्तर नाही, म्हणजे ती जागा कादंबरीकाराची. तुमच्या फ्रेयाला ओडिनविरुद्ध लढायला उभं करू नका. तिने फक्त एके दिवशी आपला वाटा वेगळ्या तऱ्हेने निवडायला सुरुवात करावी. ओडिनला हवे असलेले सगळे तिच्याकडे जावेत आणि त्याला कायद्याने काही म्हणता येऊ नये.

आता प्रतिस्पर्धी देव कसे लिहावेत याचा मला माहीत असलेला सर्वोत्तम नमुना. ‘गौट्रेक्स सागा’त स्टारकाड नावाचा योद्धा आहे. त्याला वाढवणारा म्हातारा एका मध्यरात्री त्याला बेटावरच्या जंगलात नेतो. तिथे मोकळ्या जागी अकरा जण खुर्च्यांवर बसलेत, बारावी रिकामी. म्हातारा तिच्यावर बसतो आणि बाकीचे त्याला ओडिन म्हणून अभिवादन करतात. आता स्टारकाडचं नशीब ठरवायचं असतं. थॉरचा त्याच्यावर राग आहे, आणि कारण तद्दन घरगुती: स्टारकाडच्या आजीने थॉरला सोडून एका राक्षसाला पसंत केलं होतं. थॉर म्हणतो, याला मूलबाळ होणार नाही. ओडिन म्हणतो, मग मी याला तीन माणसांचं आयुष्य देतो. थॉर: प्रत्येक आयुष्यात हा एक नीच कृत्य करेल. ओडिन: उत्तम शस्त्रं आणि वस्त्रं. थॉर: जमिनीचा तुकडा कधी मिळणार नाही. ओडिन: पैसा भरपूर. थॉर: पण पुरेसा आहे असं कधीच वाटणार नाही. ओडिन प्रत्येक लढाईत विजय देतो, थॉर प्रत्येक लढाईत जबर जखम. ओडिन कवित्व देतो. थॉर म्हणतो, रचलेलं त्याला आठवणार नाही. शेवटी ओडिन म्हणतो, थोरामोठ्यांत याला मान मिळेल, आणि थॉर म्हणतो, सामान्य लोक याचा तिटकारा करतील.

दोन देव एकमेकांना बोटही लावत नाहीत. एक माणूस मात्र कायमचा मोडतो. आणि सभा संपल्यावर म्हातारा आपली फी मागतो: राजा विकारला माझ्याकडे पाठव. राजाची जहाजं वाऱ्याअभावी अडकलेली, बळी देण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या तर नाव राजाचंच निघालेलं. स्टारकाड सुचवतो की लुटुपुटीचा बळी देऊ. झाडाच्या बारक्या फांदीला वासराचं आतडं फास म्हणून बांधतात आणि स्टारकाड राजाला बोरूच्या काडीने टोचतो. त्या क्षणी आतडं चिवट फास होतं, काडी भाला होते, फांदी वर उसळते. राजा ओडिनचा झाला. थॉरने सांगितलेलं पहिलं नीच कृत्यही झालं. एकाच घटनेत दोन्ही देवांचे शब्द खरे ठरले, हे लक्षात घ्या. तुमच्या नायिकेच्या बाबतीत असा एक प्रसंग जमला तर बाकी कितीही आतषबाजी लागणार नाही.

यातला थॉर सिनेमातल्यासारखा भोळा नाही, तो शेतकऱ्यांचा देव आहे आणि ओडिन सरदारांचा आणि कवींचा. ‘हारबार्डस्ल्योद’ या कवितेत ओडिन नावाड्याचं सोंग घेऊन आपल्या मुलाला, थॉरला, खाडीपार न्यायला नकार देतो आणि टोमणा मारतो की रणात पडलेले सरदार ओडिनला मिळतात आणि गुलामांची जात थॉरला. जर्मनीतला ब्रेमेनचा आडाम 11व्या शतकात उप्सालाच्या देवळाचं वर्णन करतो तेव्हा मधल्या आसनावर थॉर आहे, ओडिन बाजूला. राजदरबारातल्या कवितेत मात्र ओडिनच वर. हे वैर वर्गाचं आहे आणि फँटसीत ते जवळजवळ कोणी वापरत नाही.

नवरा-बायकोचं वैरही सोडू नका. ओडिन आणि फ्रिग यांची माणसांवरून लागलेली पैज ‘ग्रिम्निस्माल’च्या सुरुवातीला आहे: दोन राजपुत्र, एक तिने वाढवलेला, एक त्याने. ओडिन डिवचतो की तुझा पोरगा गुहेत राक्षसिणीबरोबर मुलं काढतोय, माझा राजा झालाय. फ्रिग म्हणते, तुझा राजा इतका कंजूष आहे की पाहुणे जास्त झाले तर त्यांचे हाल करतो. ओडिन वेष पालटून खात्री करायला जातो. फ्रिगने आधीच दासीकरवी राजाला सावध केलेलं, की येणारा पाहुणा जादूगार आहे. परिणाम: ओडिन आठ रात्री दोन आगींच्या मधे बसलेला, आणि त्याला पाणी देणारा फक्त राजाचा दहा वर्षांचा मुलगा. याच धाटणीची एक कथा 8व्या शतकात पॉल द डीकनने लाँबार्ड लोकांच्या इतिहासात नोंदवली आहे. गोडान म्हणजे ओडिन म्हणतो, सूर्योदयाला जे मला आधी दिसतील त्यांना विजय देईन. त्याची बायको फ्रेआ तिच्या लाडक्या टोळीतल्या बायकांना केस चेहऱ्यावर दाढीसारखे बांधून पूर्वेला उभं राहायला सांगते. हे लांब दाढीवाले कोण, असं तो विचारतो. ती म्हणते, नाव तू ठेवलंस, आता बारशाची भेट म्हणून विजयही दे. पॉल स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू, त्याने ही गोष्ट हास्यास्पद म्हणून सांगितली, पण सांगितली हे आपलं नशीब.

देव असे कायदेबाज का? कारण या कथा जिथे लिहिल्या गेल्या तो देश तसा होता. आइसलँडमध्ये 930 साली आल्थिंग ही सभा सुरू झाली. कायदा होता, न्यायालयं होती, निवाडे होते, पण राजा नव्हता आणि निवाडा अमलात आणणारं सरकारी बळही नव्हतं. खटला जिंकला तरी भरपाई वसूल करायला स्वतःचेच नातेवाईक आणि मित्र गोळा करावे लागत. ‘एडा’ लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसॉन (1179–1241) याच व्यवस्थेत वाढला, दोनदा आल्थिंगचा कायदावाचक झाला, लग्नसंबंधांतून आणि खटल्यांतून श्रीमंत झाला आणि नॉर्वेच्या राजाशी बिनसल्यावर रेकहोल्टच्या आपल्याच घराच्या तळघरात मारला गेला. मारेकरी पाठवणारा गिसुर त्याचा एकेकाळचा जावई. हा माणूस देवांच्या सोयरिकी लिहितो तेव्हा त्याला कल्पना करावी लागत नाही.

अर्थात स्नोरीचं सगळं प्रमाण मानू नका. तो ख्रिस्ती होता, आइसलँडने धर्म बदलल्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली होती आणि त्याचं पुस्तक मुळात तरुण कवींसाठीचं पाठ्यपुस्तक आहे. जुन्या कवितांचं मुख्य हस्तलिखित 1270च्या सुमाराचं आहे. ते 1643 मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर यांच्या हाती लागलं, 1662 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि 1971 मध्ये आइसलँडला परत आलं. दिसायला लहानसं, 45 पानांचं चामड्याचं पुस्तक, मधली आठ पानं गहाळ. या इतक्याशा आधारावर सगळा डोलारा आहे. ‘नऊ जगं’ हे शब्द कवितेत येतात, पण त्या नऊंची यादी कुठेच नाही. इंटरनेटवरचे सुबक नकाशे सगळे अलीकडचे. तुम्ही तुमचा नकाशा काढायला मोकळे आहात.

लोकीबद्दल वेगळं बोलायला हवं. सिनेमामुळे तो थॉरचा दत्तक भाऊ झालाय. मूळ कवितेत तो ओडिनचा रक्ताच्या शपथेने झालेला भाऊ आहे: मला दिल्याशिवाय तू मद्याला तोंड लावणार नाहीस असं कबूल केलं होतंस, असं तो ओडिनला सगळ्यांसमोर आठवून देतो आणि ओडिनला त्याला जागा द्यावी लागते. त्याची कोणी पूजा केल्याचा पुरावा नाही. माझ्या मते लोकी म्हणजे देवांचा दलाल. तटबंदी बांधणारा राक्षस मोबदल्यात फ्रेया, सूर्य आणि चंद्र मागतो, तो सौदा लोकीच्या सल्ल्याने होतो. सौदा अंगाशी येतो तेव्हा तोच घोडी होऊन राक्षसाच्या घोड्याला पळवून नेतो, आणि मग स्वतःच गाभण राहतो. देवांना हवं ते तो मिळवून देतो आणि दोष त्याच्यावर टाकता येतो. फेनरिर लांडग्याला बांधताना मात्र फसवणूक देव स्वतः करतात. ग्लेपनिर ही बेडी मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी यांची. लांडग्याला संशय येतो, तो तारण मागतो, आणि टीर हा देव आपला हात त्याच्या जबड्यात ठेवतो. शपथ खोटी आहे हे टीरला माहीत आहे. स्नोरी लिहितो की बाकीचे सगळे हसले, टीर सोडून. त्याचा हात गेला. तुमचा लोकी खलनायक असेल तर त्याची तक्रार खरी असली पाहिजे. लांडगा त्याचा मुलगा आहे.

आणि एक प्रतिस्पर्धी तुमच्या आराखड्यात नाहीच, तो म्हणजे ख्रिस्त. नायिका आइसलँडची ठेवणारच असाल तर काळ 1000 सालाच्या आसपास आणा. देवांपुढे त्यांच्या भक्तांचाच प्रश्न उभा राहिलाय, अशी वेळ पुन्हा येणार नाही. थांगब्रांड हा धर्मप्रसारक आला तेव्हा स्टेनुन नावाच्या बाईने त्याला विचारलं, थॉरने ख्रिस्ताला द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि ख्रिस्ताची हिंमत झाली नाही, हे ठाऊक आहे का? तिच्याही आधीचा हेल्गी हा वसाहतकार ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रप्रवासात आणि कठीण कामात थॉरला हाक मारायचा. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डनला एक दगडी साचा सापडलाय, त्यात क्रूस आणि थॉरचा हातोडा दोन्ही ओतता येतात. सोनाराने दोन्ही गिऱ्हाइकं धरून ठेवली होती! आल्थिंगमध्ये दोन्ही गट वेगळा कायदा मागायला लागले तेव्हा निवाडा थोर्गेर या मूर्तिपूजक कायदावाचकावर सोपवला गेला. तो एक दिवस एक रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि उठून म्हणाला की सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. मात्र घोड्याचं मांस खाण्याची मुभा राहील आणि जुन्या देवांना गुपचूप बळी दिला तर चालेल. त्या पांघरुणाखाली तो कोणाशी बोलला, हे तुम्ही लिहा. ओडिन आणि फ्रेया दोघेही तिथे आपली बाजू मांडायला आलेले असू शकतात.

त्याच काळातला हालफ्रेड हा कवी तुम्हाला उपयोगी पडेल. नॉर्वेचा राजा ओलाफ त्रिग्वासॉनच्या दबावाने तो ख्रिस्ती झाला, पण त्याच्या कविता कुरकुरतात: पिढ्यान्‌पिढ्या ओडिनच्या कृपेसाठी गाणी रचली, आता ख्रिस्ताची चाकरी म्हणून फ्रिगच्या नवऱ्याचा द्वेष करायचा, तोही नाइलाजाने. त्याची अडचण व्यवसायाची होती. नॉर्स कवितेतलं अलंकरण देवांच्या कथांवर चालायचं. देव गेले तर कवीची हत्यारं गेली.

आता मराठी लेखक म्हणून तुमच्या वाटेतले खड्डे. पहिला, एसिर म्हणजे देव आणि राक्षस म्हणजे असुर असं समीकरण. ओडिनची आई बेस्टला राक्षसकुळातली आणि थॉरच्या मुलाची आईही राक्षसीण. नातं लावायचंच तर दिती आणि अदिती या सवतींच्या मुलांचं लावा, तिथे भाऊबंदकी आहे. गुनलोड लिहिताना कच-देवयानी मनात ठेवा: शत्रूच्या घरात विद्या चोरायला गेलेला देवांकडचा तरुण आणि त्याच्यावर जीव जडलेली मुलगी. पण फरकही ठेवा. देवयानी शाप देते आणि कच उलट शाप देतो. गुनलोड नुसती रडत मागे राहते, आणि ‘हावामाल’ या कवितेत त्या रात्रींबद्दल बोलताना विचारलं जातं की कंकणावर शपथ घेऊन ओडिनने फसवलं, आता त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा. माझ्या मते तुमच्या कादंबरीत बदला घ्यायचा हक्क सर्वांत जास्त तिलाच आहे, आणि ती तुमच्या पात्रांच्या यादीत दिसत नाही.

दुसरा खड्डा 432000 या आकड्याचा. वालहल्लाला 540 दारं, प्रत्येकातून 800 योद्धे, गुणाकार 4,32,000, म्हणजे कलियुगाची वर्षं. हे फॉरवर्ड तुमच्यापर्यंत आलंच असेल. पण जुन्या नॉर्समध्ये शंभर म्हटलं की बहुधा 120 मोजत, मग दारं 640 आणि योद्धे 960 होतात आणि गुणाकार 6,14,400. कादंबरीत त्यावरून गूढ नातं उभारू नका, जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

तिसरा खड्डा भाषेचा. “हे सर्वसाक्षी पितामह” असलं संस्कृतप्रचुर बोलणं या देवांना शोभत नाही. सागांचं गद्य कोरडं, तुटक आहे. मनात काय चाललंय ते सांगत नाहीत. माणूस काय बोलला आणि काय केलं, तेवढंच. आपल्याकडे असं गद्य हवं असेल तर बखरींकडे जाऊ नका, ‘लीळाचरित्रा’कडे जा. तेही 13व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. छोटी वाक्यं, नेमकं संभाषण, प्रसंग संपला की लेखक गप्प. त्याची नक्कल नको, पण तो श्वास कानात असू द्या.

भौतिक तपशील झटपट सांगतो. शिंगं असलेलं शिरस्त्राण नको. ते 1876च्या बायरॉइटमधल्या ऑपेराच्या वेषभूषेने लोकप्रिय केलं, नॉर्वेत येरमुंडबूला सापडलेल्या व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगं नाहीत. आइसलँडमध्ये मोठी झाडं नाहीत, घरं गवताच्या ढेकळांची, लाकूड समुद्रातून वाहून आलेलं. व्यवहार घरी विणलेल्या लोकरी कापडात आणि तोलून दिलेल्या चांदीत.

आजीसाठी मात्र खजिना आहे. ‘एरिक द रेडचा सागा’त ग्रीनलंडमधली एक भविष्य सांगणारी बाई अशी येते: काठाला खडे लावलेला निळा झगा, काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी आणि तिला आतून पांढऱ्या मांजराचं कातडं, हातमोजेही मांजराच्या कातड्याचे, पितळी मुठीची काठी, कमरेच्या पिशवीत जादूचं सामान. तिला करडाच्या दुधाची पेज देतात आणि निरनिराळ्या प्राण्यांची हृदयं शिजवून वाढतात. विधीसाठी एक जुनं गाणं लागतं आणि ते येत असतं फक्त गुडरिड नावाच्या मुलीला, जी ख्रिस्ती आहे. ती म्हणते, मला हे करायचं नाही. यजमान आग्रह करतो, ती गाते, आणि इतकं सुंदर गाते की बाई म्हणते, कित्येक आत्मे आज ऐकायला आले. गुडरिडमध्ये तुमची नायिका जवळजवळ तयारच आहे.

रॅग्नारोकचं, म्हणजे जगाच्या अखेरच्या लढाईचं, काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. शेवट सगळ्यांना माहीत आहे, देवांनाही. त्यामुळे ‘होईल का’ यावर उत्कंठा ताणू नका. त्यापेक्षा किरकोळ माणसांचा त्यात वाटा किती, ते वापरा. स्नोरी सांगतो की नागलफार हे जहाज मेलेल्यांच्या न कापलेल्या नखांचं होणार आहे, म्हणून प्रेताची नखं कापावीत, ते तितकंच लांबतं. आणि लांडग्याचा जबडा फाडणाऱ्या विडारचा, म्हणजे ओडिनच्या मुलाचा, जोडा लोक चपलेच्या टाचेचे आणि चवड्याचे जे तुकडे कापून टाकतात त्यांचा बनतोय. प्रेताची नखं कापणारी तुमची आजी आणि जोडे शिवणारा शेजारी हे त्या लढाईतले सैनिक आहेत. त्यांना तसं माहीत असलं पाहिजे.

आजही या देवांना मानणारे लोक आहेत. आइसलँडमध्ये 1972 साली स्थापन झालेली आसात्रू संस्था आहे आणि राज्याने तिला मान्यता दिली आहे. दुसरीकडे काही रून्स, म्हणजे जुन्या लिपीतली अक्षरं, नाझींनी उचलली होती, ती अजून गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या झेंड्यांवर दिसतात. मुखपृष्ठकाराला चिन्हं निवडायला देण्याआधी तुम्ही स्वतः ती तपासा.

आता वाचायचा क्रम. आधी ‘ग्रिम्निस्माल’ आणि ‘हारबार्डस्ल्योद’, मग स्नोरीचा ‘एडा’, मग ‘गौट्रेक्स सागा’. इंग्रजी अनुवाद सगळ्यांचे मिळतात. ‘लोकासेन्ना’ शेवटी ठेवा, आणि ती मोठ्याने वाचा, शक्य तर दोघांनी पात्रं वाटून घेऊन. समुद्राचा मालक एगिरच्या घरी मेजवानी आहे आणि लोकी एकेका देवाला त्याने लपवलेली गोष्ट तोंडावर सांगतो: ओडिनला बायकी जादू, टीरला तुटलेला हात, फ्रेयाला तिचे यार. कोणाकडेच धड उत्तर नसतं, प्रत्येक जण विषय बदलतो किंवा धमकी देतो. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातल्या देवसभेला हीच रचना चालेल. शेवटी थॉर येतो. त्याचीही बोलती लोकी बंद करतो, पण निघताना सांगतो की फक्त तुझ्यासाठी मी बाहेर जातोय, कारण तू खरोखर मारतोस हे मला माहीत आहे.